छपराला नाक हवं



आज मी तुमच्याशी छपरावरच्या एका भोकाबद्दल बोलणार आहे. कवीला बोलायला बोलावलं की तो चांदण्यावर, पावसावर नाहीतर आईवर बोलणार असा आपला समज असतो. पावसाचा संबंध माझ्या विषयाशीही आहे, पण जरा वेगळ्या बाजूने. मी दाभोळचा. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे गाव. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा मुलखात "छपराला मुद्दाम भोक पाडा" म्हणणारा माणूस वेडाच ठरायचा. तरी मी आज नेमकं तेच सांगायला आलो आहे.

मे महिना सरत आला की कोकणात माणसं एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, "शाकारणी झाली का?" मग लाकूडफाटा भरला का, सुकी मासळी भरली का, हे प्रश्न. मिरग तोंडावर आलेला असतो. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे-रिपा तपासायच्या, पुन्हा कौलं चढवायची आणि आढ्यावरचे कोने नीट बसवायचे. छप्पर गळतं का, याची चौकशी सगळे करतात. छपरातून घराचा धूर आणि उष्मा बाहेर जातो का, हे मात्र कोणी विचारत नाही. कारण वर्षानुवर्षं ते विचारण्याची गरजच नव्हती.

जुनं कौलारू घर आठवून बघा. आधी होती ती नळ्याची कौलं, गावच्या कुंभाराने चाकावर केलेली. मग आली मंगलोरी कौलं. मंगळूरजवळ जेप्पू इथे बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने 1865 साली यंत्राने कौलं पाडायचा कारखाना काढला, आणि पुढे ती लाल, चपटी, खाचांची कौलं गलबतांतून सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. ही कौलं एकमेकांत अडकतात, पण एकमेकांना चिकटत नाहीत. प्रत्येक कौलाच्या कडेला बारीक फट राहते. पाणी उताराने खाली निघून जातं आणि गरम हवा त्याच फटींतून वर निघून जाते. पाण्याला खाली जायचं असतं, गरम हवेला वर. दोघांचे स्वभाव उलटे, म्हणून एकाच फटीतून एकाला अडवता येतं आणि दुसऱ्याला सोडता येतं. थंडीच्या दिवसांत सकाळी लांबून बघितलं, तर चुली पेटलेल्या घरांच्या सगळ्या छपरातून धूर झिरपताना दिसायचा. घराला एक नाक नव्हतं, हजार नाकं होती. शिवाय चुलीच्या वर बसवायला मध्ये टोपीसारखा फुगवटा आणि त्याखाली भोक असलेलं खास कौलही मिळायचं. उजेडासाठी काचेचं कौल, तसं धुरासाठी हे.

जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. त्या घरांत धूर आधी घरभर फिरायचा, मगच बाहेर पडायचा. वासे काळे व्हायचे, त्यांना कीड कमी लागायची आणि पोटमाळ्यावरचं बियाणं टिकायचं, हे खरं. पण बायकांचे डोळे लाल व्हायचे, हेही तितकंच खरं. मला एवढंच सांगायचं आहे की ते छप्पर आपसूक श्वास सोडत होतं. त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नव्हता.

शब्दांचा धंदा करणारा माणूस असल्यामुळे शब्दांचं थोडं सांगतो. संस्कृतात खिडकीला 'वातायन' म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा मार्ग. 'गवाक्ष' म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा. इंग्रजीतला 'विंडो' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'विंडाउगा'वरून आला. त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. फारसीत छपरावरच्या वारा पकडणाऱ्या बुरुजाला 'बादगीर' म्हणतात. बाद म्हणजे वारा, गीर म्हणजे धरणारा. आणि आपल्या मराठीत रुजलेला 'दम' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ श्वास. त्याच्याच घरातला 'दमा'. इतक्या भाषांनी भिंतीतल्या आणि छपरातल्या भोकाचं नाव श्वासावरून नाहीतर वाऱ्यावरून ठेवलं, याचा अर्थ ती गोष्ट शोभेची नव्हती.

बादगिराशी दाभोळचा जुना संबंध आहे. आमचं बंदर बहामनी आणि आदिलशाही काळात नावाजलेलं होतं. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात फिरला आणि परत जाताना दाभोळहूनच होर्मुझला जाणाऱ्या जहाजात बसला. त्या होर्मुझच्या घरांवर वारा पकडून आत उतरवणारी धुराडी होती, असं वर्णन त्याच्याही दोनशे वर्षं आधीच्या मार्को पोलोच्या वृत्तांतात सापडतं. इराणातल्या यझ्द शहरात अशा बुरुजांचं रानच आहे. तिथल्या दौलताबाद बागेतला बादगीर 33 मीटरच्या वर उंच आहे. सिंधमधल्या हैदराबादेतही एकेकाळी घरोघरी असे वारा पकडणारे उंचवटे होते. आमच्या गावचे कितीतरी लोक नोकरीसाठी आखातात गेले. दुबईच्या जुन्या वस्तीत, इराणहून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेले असेच बुरूज त्यांनी बघितले आहेत.

पण बादगीर जसाच्या तसा उचलून दाभोळला आणता येत नाही. तिकडे पाऊस जवळजवळ नाही, म्हणून वाऱ्याकडे तोंड उघडून बसलेला बुरूज चालतो. आमच्याकडे वारा येतो तोच पाऊस काखेत घेऊन. त्याच्याकडे तोंड उघडलं तर घरात तळं होईल. म्हणून कोकणातल्या भोकाने वारा आत घ्यायचा नसतो, आतली तापलेली हवा बाहेर सोडायची असते. तिकडच्या बुरुजाचं आणि इकडच्या भोकाचं काम उलटं आहे.

आता अलीकडच्या काळात येतो. 3 जून 2020 या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. दापोली आणि मंडणगड तालुक्यांना त्याचा मोठा फटका बसला. माडा-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या, छपरं उडाली. आधीच करोनाची टाळेबंदी, त्यात पाऊस दारात उभा. वीज कित्येक दिवस नव्हती. त्या दिवसांत कौलं मिळत नव्हती, मिळाली तर वाहतूक मिळत नव्हती आणि शाकारणारे हात तर आधीपासूनच कमी झाले होते. माकडांनी कौलांविरुद्धची लढाई निम्मी जिंकलेलीच होती. तेव्हा माणसांनी पत्रे घातले. कोणी निळे, कोणी लाल, कोणी कौलाच्या आकाराचे ठसे असलेले. यात कोणाला दोष देता येणार नाही. डोक्यावर काहीतरी हवं होतं आणि पत्रा दोन दिवसांत चढतो.

पण पत्रा म्हणजे कौल नव्हे. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. ऊन पडलं की तापतो आणि तो ताप खाली सोडतो. रात्री आकाश निरभ्र असलं की तितक्याच लवकर गार होतो. मग आतल्या दमट हवेतलं पाणी त्याच्या पोटाला थेंबाथेंबाने जमतं. स्वयंपाकघरात त्या थेंबांत काजळी मिसळते आणि पहाटे चुलीपाशी काळं पाणी ठिबकतं. लोक म्हणतात पत्रा गळतो. पत्रा गळत नसतो, घराला घाम आलेला असतो. मुख्य म्हणजे पत्र्याला फटी नाहीत. त्या हजार नाकांपैकी एकही उरलेलं नाही.

माझ्या खालाच्या घरी हेच झालं. खाला म्हणजे माझी मावशी, वय पंचाहत्तरच्या पुढे. तिचं घर खाडीच्या अंगाला, जांभ्याच्या भिंतींचं. वादळात अर्धं छप्पर गेलं, उरलेलं उतरवावं लागलं. तिचा मुलगा कुवेतला असतो. त्याने पैसे पाठवले आणि सगळ्या घरावर चांगल्यापैकी पत्रा चढला. गळणं बंद झालं. स्वयंपाकघरात गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी, भाकरी आणि मोठं कालवण चुलीवरच होतं. सरकारची उज्ज्वला योजना 2016 साली सुरू झाली, घरोघर सिलिंडर पोचले. पण सिलिंडर आला म्हणून चूल विझत नाही. आवारात माडाच्या झावळ्या आणि सोडणं फुकट पडलेली असताना पाणी तापवायला गॅस जाळावा, हे खालाच्या पिढीला पटत नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिची धाप वाढली. भाकऱ्या करताना तीन वेळा उठून मागच्या दारात जाऊन उभी राहायची. डॉक्टरांनी फवारा दिला, औषधं दिली, धुरापासून लांब राहा म्हणून सांगितलं. घरी येऊन ती म्हणाली, "दमा मला नाही रे झालेला, घराला झालाय."

हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलीच्या, शेगडीच्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं अकाली गेली. फुप्फुसाचा आणि हृदयाचा विकार त्यात येतो. आणि या धुराचा सगळ्यांत मोठा वाटा कोणाकडे जातो, ते सांगायला नको. जी चुलीपाशी बसते तिच्याकडे, आणि तिच्या मांडीवर असलेल्या पोराकडे.

पत्रा घालणाऱ्याने चुलीच्या वर काहीच ठेवलं नव्हतं असं नाही. त्याने चार इंची प्लास्टिकची नळी पत्र्यातून वर काढली होती. तिला वर वाकडं तोंड, आणि तोंडाला मच्छरदाणीची बारीक जाळी. चार महिन्यांत त्या जाळीवर तेल आणि काजळी यांचा असा थर बसला की मुंगीसुद्धा बाहेर गेली नसती. नळीच्या बुडाशी लावलेलं सिलिकॉन उन्हाने सुटलं आणि तिथून पाणी यायला लागलं. म्हणजे धूर जात नव्हता आणि पाऊस मात्र येत होता. नेमकं उलटं काम.

खालाची नात सिव्हिलचा डिप्लोमा करते. तिने एका दुपारी वहीत हिशेब मांडला. "चाचा, नळी चार इंचांऐवजी बारा इंचांची केली ना, तर रुंदी तिप्पट होते, पण वाट नऊपट होते." तिने मग खोलीची लांबी-रुंदी घेतली, चुलीच्या उष्म्याने वरची हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंश गरम धरली, आणि दहा फूट उंचीच्या त्या स्वयंपाकघरातली सगळी हवा बारा इंची भोकातून साधारण दहा ते पंधरा मिनिटांत बदलते, असं दाखवलं. वारा नसताना, वीज नसताना. जितकी उंची जास्त आणि जितका तापमानातला फरक जास्त, तितका ओढ जास्त. आमच्या दाभोळच्या आदिलशाही मशिदीत भर मे महिन्यातही दगडी घुमटाखाली बरं वाटतं, त्यामागे हेही एक कारण आहे. तापलेली हवा माणसाच्या डोक्यापासून खूप वर जाऊन राहते.

पण त्या हिशेबाला तिने एक अट घातली होती. "वरून जितकी हवा जायला हवी, तितकीच खालून यायला हवी. नुसतं वर भोक पाडून उपयोग नाही." बाटली उलटी केली तर पाणी गुडगुड करत अडखळत पडतं, कारण हवेला आत यायला जागा नसते. घराचंही तसंच.

तिनेच मला आणखी एक गंमत सांगितली. अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून न्यायची घडीची घरं असतात. मुक्कामाला पोचलं की छप्पर वर उचलायचं, कापडी भिंती ताणायच्या, की झालं घर. इतक्या लहान जागेत चार माणसं रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासातल्या वाफेने छताला पाणी सुटतं. म्हणून छपराला झाकणाचं एक भोक ठेवतात. ते बहुतेक सगळीकडे 14 इंच लांब, 14 इंच रुंद, असं ठरूनच गेलेलं आहे. त्यामुळे जुनं झाकण तडकलं की लोक स्वतःच ते काढतात, जुना चिकटा खरवडतात, नवी चिकटपट्टी लावतात आणि त्याच भोकात नवं झाकण किंवा पंखा बसवतात. भोकाचं माप ठरलेलं असलं की दुरुस्ती सोपी होते. एकदा मंगलोरी कौल नजरेसमोर आणलं की हे पटतं. फुटलेलं एक काढलं, दुसरं सरकवलं. पत्र्याच्या छपराला आपल्याकडे तसं काही ठरलेलं नाही, म्हणून प्रत्येकाच्या घरी नवा प्रयोग.

शेवटी असं ठरलं की ती नळी काढायची आणि गोदामांवर, कारखान्यांवर असतो तसा वाऱ्यावर फिरणारा ॲल्युमिनियमचा घुमट बसवायचा. लहान, बारा इंची घशाचा. कुवेतला फोन लावला. मुलगा म्हणाला, "चांगल्या नव्या पत्र्याला एवढं मोठं भोक कशाला पाडता? पाऊस आत आला तर?" त्याची भीती खोटी नव्हती. गळकं छप्पर त्याने लहानपणी सोसलं होतं, भांडी लावून रात्री काढल्या होत्या. परमुलखात बसलेल्या माणसाला घर म्हटलं की आधी पाऊस आठवतो.

खालाने फोन हातात घेतला. म्हणाली, "बाबा, पाऊस चार महिने. श्वास बारा महिने." थोडं थांबून म्हणाली, "माझ्या कफनाला म्हणून पैसे ठेवलेत बाजूला. त्यातून बसवते." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "अम्मा, तसं बोलू नकोस. मी पाठवतो."

मला या संवादात एक गोष्ट दिसली, ती सांगण्यासाठीच खरं तर आज आलो. आपल्याकडे छपराचा हिशेब पडवीत बसून होतो. पैसे देणारा, पत्रे आणणारा, चढवणारा आणि सल्ला देणारा, सगळे पडवीत. त्या सगळ्यांचा शत्रू एकच, पाऊस. चुलीपाशी बसणारीचा शत्रू धूर आहे, पण ती त्या बैठकीत नसते. ती आत चहा करत असते. म्हणून छप्पर पावसाच्या बाजूने पक्कं होतं आणि चुलीच्या बाजूने कच्चं राहतं.

काम झालं ते 2023 च्या मे महिन्यात. गोदामांच्या पत्र्याचं काम करणारा एक कारागीर धोपाव्याहून फेरीबोटीने आला. त्याने काय केलं ते मी जरा तपशिलाने सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणाला तरी उपयोगी पडेल.

त्याने आधी जागा निवडली. आढ्याच्या जितकं जवळ तितकं बरं, कारण गरम हवा तिथेच साठते. आणि उतार पूर्वेकडचा, कारण आमच्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. मग पत्र्याखालचे लोखंडी आडवे बार कुठे आहेत ते बघून दोन बारांच्या मध्ये भोक कापलं आणि भोकाभोवती लोखंडी चौकट जोडली. घुमटाचं वजन आणि वाऱ्याचा हिसका नुसत्या पत्र्यावर येता कामा नये. निसर्गचा अनुभव असल्यामुळे त्याने घुमटाची बैठक बोल्टांनी त्या चौकटीलाच आवळली.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बैठकीचा जो सपाट पत्रा असतो त्याची वरची कड त्याने आढ्याच्या टोपीखाली सरकवली आणि खालची कड छपराच्या पत्र्यावर ठेवली. म्हणजे वरून येणारं पाणी बैठकीवरून वाहत खाली जातं, बैठकीखाली शिरत नाही. कौलांचाच नियम. वरचं कौल नेहमी खालच्या कौलावर. "चाची, चिकटा नंतर. आधी उतार बरोबर पाहिजे," तो खालाला म्हणाला. पाणी अडवायचं काम उताराचं, चिकट्याचं नव्हे. चिकटा दोन-चार उन्हाळ्यांत सुटतोच.

सांध्यात त्याने डांबरासारखी चिकट ब्युटाइलची पट्टी घातली. स्क्रू मारले ते पत्र्याच्या उंचवट्यावर, पन्हळीत नाही, आणि प्रत्येकाखाली रबरी वायसर. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले की गंज लवकर धरतो, म्हणून दोघांच्या मध्ये रबराची पट्टी ठेवली. जुन्या नळीचं भोक बुजवताना आधी पात्याने जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढलं, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. आतून मच्छरदाणीऐवजी मोठ्या भोकांची जाळी लावली, पाखरं येऊ नयेत एवढ्यापुरती, आणि ती दोन स्क्रू काढून खाली घेता येईल अशी. वर्षातून दोनदा ती घासायची, एकदा मिरगाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या आधी.

मग नातीची अट. चुलीच्या समोरच्या भिंतीतून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्याने जांभ्याचा एक चिरा काढला आणि तिथे जाळी बसवली. तेवढ्या एका चिऱ्याने वरच्या भोकाला पुरेल इतकी वाट खाली झाली. संध्याकाळी नातीने लोबान पेटवून त्या भोकापाशी धरला. धूर आत वळला, चुलीकडे गेला, उभा राहिला आणि सरळ वर निघून गेला. अंगणातल्या मुलांनी वर बोट दाखवून ओरडायला सुरुवात केली, कारण घुमट फिरत होता आणि त्याच्या पात्यांतून धूर बाहेर येत होता.

फायदे-तोटे दोन्ही सांगितले पाहिजेत. पहिल्या पावसाळ्यात एकदा फार जोराचा वारा आला तेव्हा बारीक तुषार आत आले, भांडी ओली होण्याइतके नाही, पण आले. वारा पडलेला असला की घुमट फिरत नाही, तरी गरम हवा जात राहते. पत्र्याचा ताप मात्र या भोकाने जात नाही. त्यासाठी पत्र्याखाली छत घालणं किंवा वरून पांढरा रंग देणं, हा वेगळा उपाय आहे. आणि खालाचा दमाही गेलेला नाही. इतक्या वर्षांचा धूर एका घुमटाने बाहेर पडत नसतो. फवारा चालू आहे, डॉक्टरांची तपासणी चालू आहे. पण आता ती भाकऱ्या संपेपर्यंत चुलीपाशी बसू शकते, मध्ये उठून मागच्या दारात जात नाही. पहाटेचं काळं पाणीही थांबलं.

दोन सूचना मात्र कान देऊन ऐका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साठतो. त्यामुळे छपराला भोक आहे म्हणून गॅसच्या बाबतीत निर्धास्त राहू नका. वास आला की दार-खिडक्या उघडा, शेगडी पेटवू नका, विजेच्या बटणाला हात लावू नका. आणि थंडीत किंवा वादळाच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका, जनरेटर घरात चालवू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

खालाच्या दारातून खाडीपलीकडे अंजनवेलच्या वीजप्रकल्पाची उंच धुराडी दिसतात. एवढा मोठा कारखाना उभा करताना धूर कुठून जाणार याचा विचार इंजिनिअर आधी करतो. चुलीलाही तेवढाच मान मिळायला हवा. त्याला फार पैसा लागत नाही. एक घुमट, एक चिरा आणि एक दिवसाचं काम.

तेव्हा मंडळी, यंदा मे महिन्यात छपराचं काम काढाल, कौलांचं असो की पत्र्याचं, तेव्हा पडवीतली बैठक थोडा वेळ उठवा आणि स्वयंपाकघरात नेऊन बसवा. चूल पेटलेली असताना तिथे दहा मिनिटं बसून बघा. जी रोज तिथे बसते ती आई असेल, खाला असेल, काकी असेल, सून असेल, तिला विचारा धूर कुठे कोंडतो, काळं पाणी कुठे ठिबकतं, भोक कुठे हवं. तिला ते बरोबर ठाऊक असतं. आजवर तिला कोणी विचारलेलं नसतं, इतकंच.